एर्पेनियसाचा हस्तलिखितसंग्रह

अरबीचा विख्यात डच पंडित तोमास एर्पेनियस याचा जन्म इ. स. १५८४ मध्यें झाला. १६१३ मध्यें तो लायडन विद्यापीठांत अध्यापक झाला. त्याच वर्षीं प्रसिद्ध झालेलें त्याचें अरबी व्याकरण युरोपांत सुमारें दोन शतकें प्रमाण मानलें गेलें. पौर्वात्य लिपींचे खिळे पाडवून त्यानें स्वतःचा छापखानाही घातला. १६२४ मध्यें तो प्लेगानें वारला. मागें राहिलेलीं हस्तलिखितें बकिंगहॅमच्या ड्यूकानें विकत घेतलीं. ड्यूकाच्या वधानंतर त्याच्या विधवेनें १६३२ मध्यें तीं केंब्रिज विद्यापीठास दिलीं. तेथें तीं सुरक्षित राहिलीं खरीं. परंतु लायडन त्यांस मुकलें. आपल्या पोथ्यांची व्यवस्था संग्राहकानें हयातींतच लावावी, हाच यांतील बोध होय.