अकरा महिन्यांचं घर आणि रोज बदलणारं टेबल

विषय साधा आहे, तरी सभागृह भरलेलं दिसतंय. म्हणजे भाड्यानं राहणारे इथे बरेच असणार. हात वर करायला सांगत नाही, घरमालकही आलेले असतील.

आम्ही घरांच्या आतल्या रचनेची कामं करतो. मोठी कामं अर्थातच मालकीच्या घरांची. पण सल्ला विचारायला येणाऱ्यांत सगळ्यात अडलेले असतात ते भाडेकरू. त्यांचं वाक्य ठरलेलं असतं : "स्वतःचं घर असतं तर काहीतरी केलं असतं, भाड्याच्या घरात कशाला?" आणि असं म्हणणारे काही जण त्या घरात चौथं-पाचवं वर्ष काढत असतात. पुस्तकांची खोकी अजून चिकटपट्टीसकट, डोक्यावर मालकानं लावलेली पांढरी ट्यूब, भिंतीवर आधीच्या भाडेकरूचा एक खिळा आणि त्यावर काहीच नाही. तिशीतली धडधाकट वर्षं माणूस अशी "तात्पुरती" काढतो. ती वर्षं काही कुणी परत देत नाही. आज त्याबद्दल बोलू.

आधी कागद बघू, कारण भीती तिथून येते. आपण म्हणतो भाडेकरार, पण महाराष्ट्रात बहुतेक वेळा सही होते ती 'लिव्ह अँड लायसन्स'वर. यात आपण भाडेकरू नसतोच, परवानाधारक असतो. १८८२च्या ईझमेंट कायद्यातली व्याख्या बघितली तर परवाना म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीत काही करायची नुसती मुभा. त्या मिळकतीत आपला कसलाही हितसंबंध तयार होत नाही. आणि १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ सांगतं की मुदत संपल्यावर जागा सोडली नाही, तर दुप्पट भरपाई भरावी लागते. एवढं वाचल्यावर हातातली हातोडी खाली ठेवावीशी वाटणारच.

अकरा महिन्यांचं काय? भारतात एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायला अकरा महिन्यांची पद्धत पडली. गंमत अशी, की महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग नाही. याच कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. तेव्हा अकरा हा आकडा आता सवयीचा आहे. दोन-तीन वर्षांचा करार मागता येतो, दरवर्षीची वाढ आधीच लिहून घेता येते. मालक हो म्हणेलच असं नाही, पण पुष्कळांनी विचारलेलंच नसतं. आमच्या मते घर सजवण्याचं पहिलं काम हेच, मुदत वाढवून मागणं. पडदे नंतर.

असं का म्हणतो, ते समजायला थोडं मागे जाऊ या. मुंबईच्या बीडीडी चाळी घ्या. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं, त्यानं बांधलेल्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, आणि खोली १६० चौरस फुटांची. बांधल्या तेव्हा त्या निव्वळ खोल्या होत्या. माणसांनी त्यांची घरं केली. कोपऱ्यात मोरी काढली, वर पोटमाळा घातला, भिंतीला भांड्यांची मांडणी, दारावर फळी, फळीवर देव. गॅलरीत डालड्याच्या डब्यात तुळस. हे सगळं भाड्याच्या जागेत! कुणाच्याही मनात "स्वतःचं नाही, कशाला करा" असं आलं नाही, कारण उद्या उठावं लागेल ही धास्ती नव्हती. खोली बापाकडून मुलाकडे जायची.

खासगी चाळींत ही शाश्वती १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं दिली. भाडं गोठलं, भाडेकरूला काढणं अवघड झालं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करेनात, इमारती खचत गेल्या. पुढे १९७३ साली कायद्यात बदल झाला आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्यावर राहणाऱ्यांना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालकवर्ग जो धसकला तो आजतागायत. घर एकदा दिलं की गेलं, हे घराघरात बोललं जाऊ लागलं. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला, परवान्यावरची जागा परत मिळणं सोपं झालं, पण धसका उरलाच. आजचा मालक एका खिळ्यावरून भांडतो तेव्हा तो खिळ्यावरून भांडत नसतो. तुम्ही रुजाल याची त्याला भीती असते.

आणि काहींची अडचण तर दाराबाहेरच सुरू होते. एकटी मुलगी, मुसलमान कुटुंब, मटण-मासे खाणारे, कुत्रा पाळणारे. घर दाखवता दाखवता एजंटाचा फोन लागेनासा होतो, हे यांतल्या अनेकांनी अनुभवलंय. दहा नकारांनंतर मिळालेल्या घरात माणूस पाहुण्यासारखा अंग चोरून राहतो. त्याला "छान रंगीत उशा घ्या" असं सांगणं म्हणजे चेष्टाच.

मग जागा आपली वाटते ती कशानं? मिहाय चिकसेंटमिहाय आणि यूजीन रॉचबर्ग-हाल्टन या दोघांनी शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ जणांना एक प्रश्न विचारला : तुमच्या घरात तुम्हाला खास वाटणाऱ्या वस्तू कोणत्या, आणि का? १९८१ साली त्याचं पुस्तक आलं, 'द मीनिंग ऑफ थिंग्ज'. लोकांनी फोटो सांगितले, जुनं फर्निचर, वाद्यं, पुस्तकं. किंमत, डिझाइन, दिसणं यापेक्षा कारणं निघाली ती आठवणींची आणि नात्यांची. तरुण मुलं मात्र ज्या वस्तूनं काहीतरी करता येतं त्या सांगत होती, म्हातारी माणसं ज्याकडे बघत बसता येतं त्या. तुमच्या घरी विचारून बघा. आजीचा पानाचा डबा आणि नातवाची गिटार, फार वेगळं उत्तर येणार नाही.

याचा व्यवहारात अर्थ असा, की नव्या घरात पहिलं खोकं उघडायचं ते रोज हात लागणाऱ्या वस्तूंचं. आपल्याकडे हे बायकांना न शिकवता कळतं. नव्या घरात आधी गॅस पेटतो, दूध उतू जाऊ देतात. भाड्याच्या घरातही करा, काही बिघडत नाही, शेगडी तेवढी पुसावी लागते. पहिली फोडणी बसली की घराला वास येतो, आणि वासाइतकी लवकर ओळख दुसरं काही करून देत नाही.

त्यानंतर उजेड. पैसे कमी असतील तर सगळे उजेडावर घालवा. आपल्या घरांत सर्रास लागतात त्या ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबा. दवाखान्यात ठीक, संध्याकाळी बसायच्या खोलीत नाही. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणा, खोक्यावर आकडा छापलेला असतो. छताला हात न लावता एक जमिनीवरचा, एक टेबलावरचा. संध्याकाळी वरची ट्यूब बंद, हे दोन चालू. मालकाचे दिवे काढलेच तर कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा, जाताना परत लावायचे आहेत.

भिंतीचं विचारतातच सगळे. चिकटणारे हुक ऑइलबाउंड किंवा प्लास्टिक रंगावर बऱ्यापैकी टिकतात. साध्या डिस्टेंपरवर किंवा चुन्यावर लावू नका. हाताला पांढरी भुकटी लागत असेल तर ती भिंत हुक धरणार नाही, किंवा धरला तर काढताना पापुद्रा सोबत येईल. तिथे स्वच्छ पाडलेलं एक भोक परवडतं. जाताना पुट्टी भरून, घासून, वर रंगाचा हात. शे-दोनशे रुपयांत भागतं. पण आधी विचारा, आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. "चार ठिकाणी ड्रिल करतोय, जाताना भरून देईन" एवढा मेसेज पुरतो. राहायला आलात त्या दिवशी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, फरशीचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिटमधून कापाकापी होते तेव्हा वाद "हे आधीपासून होतं" यावरच असतो. करारात "नेहमीच्या वापरानं होणारी झीज वगळून" हे शब्द आहेत का तेही बघा, नसतील तर घालायला सांगा.

एक गोष्ट फुकट आहे आणि जवळजवळ कुणी करत नाही : दारावर नावाची पाटी. खाली सोसायटीच्या फळ्यावर मालकाचं नाव असतं, दारावरही त्याचीच पितळी पाटी. आपण पाच वर्षं दुसऱ्याच्या नावाच्या दारातून आत जातो. कुरियरवाला फोन करून विचारतो, "ते कुलकर्णी लिहिलंय तेच का?" ती पाटी काढू नका, शेजारी आपली लावा. पुठ्ठ्याची असली तरी चालेल. मुलांच्या हातची असेल तर उत्तम.

आता कामाची जागा. कोविडनंतर पुष्कळ कार्यालयांत ठरलेलं टेबल गेलं. सकाळी जे रिकामं दिसेल तिथे बसायचं, संध्याकाळी पुसून जायचं. मुलाचा फोटो ठेवायचा नाही, गणपती ठेवायचा नाही. वर भिंतीवर मात्र कंपनीनं भाड्यानं आणलेल्या कुंड्या आणि प्रेरणादायी वाक्यं.

यावर एक चांगला प्रयोग आहे. एक्सेटर विद्यापीठातले क्रेग नाइट आणि अ‍ॅलेक्स हॅस्लम यांनी २०१० साली तो प्रसिद्ध केला. सारखंच काम लोकांना चार प्रकारच्या जागांत करायला दिलं. एक अगदी मोकळी, टेबल-खुर्ची सोडून काही नाही. दुसरीत झाडं आणि चित्रं आधीच मांडलेली. तिसरीत तीच झाडं, तीच चित्रं, पण "तुम्हाला हवी तशी लावा" असं सांगितलेलं. चौथीत माणसाला मांडू दिलं आणि मग येऊन त्याच्यादेखत सगळं पुन्हा बदलून टाकलं. मोकळ्या जागेपेक्षा सजवलेल्या जागेत काम साधारण १५ टक्क्यांनी जास्त झालं, स्वतः मांडलेल्या जागेत जवळपास ३० टक्क्यांनी. आणि चौथ्या प्रकारात ती सगळी वाढ पुसली गेली. वस्तू त्याच होत्या बरं का. फरक पडला तो कुणी ठरवलं यानं. कार्यालय सजवायला मोठी रक्कम खर्च करणाऱ्या साहेबांना आम्ही हा प्रयोग आवर्जून सांगतो. सहसा ते ऐकून घेतात आणि कुंड्यांची ऑर्डर देतात.

आपल्याकडे हे ज्ञान जुनं आहे. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, दसऱ्याला शिंपी मशीनला हार घालतो, कारखान्यात लेथला हळदकुंकू लागतं. रिक्षा बघा. पुष्कळ चालक दुसऱ्याची रिक्षा रोजच्या भाड्यानं चालवतात. दसऱ्याला झेंडूचा हार मात्र त्यांच्या पैशाचा. सीटच्या पाठीचा टॉवेल, आरशाखालचा देव, सुट्ट्या पैशांचा डबा, सगळं त्यांचं. पाळी संपली की टॉवेल आणि डबा पिशवीत. रोज बदलणाऱ्या टेबलावर बसणाऱ्यांनी त्यांच्याकडून शिकावं. एक पिशवी ठरवा : टेबल पुसायचा आपला रुमाल, वही, पेला, लॅपटॉप उंच करायचा स्टँड. पहिली दोन मिनिटं टेबल स्वतः पुसून या वस्तू ठरलेल्या जागी मांडायच्या. जमलं तर बाजूही रोज तीच धरा.

घरून काम करत असाल तर पलंग सोडा. घडीचं टेबल घ्या, खिडकी समोर किंवा पाठीमागे नको, बाजूला असू द्या, म्हणजे डोळ्यांवर किंवा पडद्यावर उजेड येत नाही. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. आणि काम संपलं की लॅपटॉपवर एखादा कपडा टाका. हसू येईल, पण एकाच खोलीत ऑफिस आणि घर दोन्ही असेल तर कुठेतरी शटर पडायला लागतं.

चिठ्ठ्या आल्यात, दोनच घेतो, वेळ संपत आली.

"मी पुण्यात कॉट बेसिसवर राहते. एक कॉट आणि अर्धं कपाट. मी काय करू?" बरं झालं विचारलंत. आतापर्यंतचं सगळं बोलणं खोली असणाऱ्यांसाठी झालं. तुमच्याकडे दोन पृष्ठभाग आहेत, चादर आणि कपाटाच्या दाराची आतली बाजू. चादर स्वतःची घ्या, पीजीवाल्यांची वापरू नका. घरून आईची जुनी गोधडी आणता आली तर त्याहून चांगलं. दाराच्या आत फोटो, वेळापत्रक, जे हवं ते. बाहेरून कुणाला दिसत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. कॉटच्या दांडीला क्लिपचा छोटा दिवा लावा, म्हणजे खोलीतल्या बाकीच्या झोपल्या तरी तुम्हाला वाचता येईल. उजेड कधी बंद करायचा, एवढं तरी तुमच्या हातात राहील.

दुसरी : "झाडं लावावीत का? दोन वर्षांनी घर बदलायचंय." लावा. मोठ्या कुंड्या नकोत, आठ इंचांपर्यंतच्या घ्या. बाल्कनीच्या कठड्यावर ठेवू नका, खालच्यांच्या डोक्यावर पडेल आणि सोसायटीची नोटीस येईल ती मालकाला. घर बदलताना आदल्या दिवशी पाणी घालायचं नाही, म्हणजे माती हलकी राहते. टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवा, दाराजवळ, म्हणजे नव्या घरी सगळ्यात आधी उतरतील.