पिवळ्या झाकणाची भानगड

आपल्याकडे उपासाला जिरं चालतं, मोहरी नाही. साबुदाणा चालतो, तांदूळ नाही. कारण विचारलं की आजी म्हणते, ‘चालत नाही म्हणजे नाही!’ अमेरिकेत एका जगप्रसिद्ध शीतपेयालाही अशीच एक ‘आजी’ भेटली. तीही दोनदा.

पहिला किस्सा अटलांटातला. कोका-कोलाचं मुख्यालय याच गावात, आणि लिथुआनियाहून आलेले धर्मगुरू रब्बी टोबायस गेफनही इथलेच. मग काय, देशभरातले रब्बी त्यांनाच पत्रं पाठवायचे: हे पेय कोशर आहे का? म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसतं का? गेफन यांनी थेट कंपनीलाच विचारलं. जी पाककृती तिजोरीत जपली जायची, तिच्यातल्या घटकांची यादी कंपनीने त्यांना दिली. अट एकच, कुठे बोलायचं नाही. प्रमाण मात्र सांगितलं नाही.

यादीत दोन खडे निघाले. एक ग्लिसरीन. ते प्राण्याच्या चरबीचं, तेही कोशर पद्धतीने न कापलेल्या. दुसरा खडा अल्कोहोलचा. ते धान्याचं होतं, आणि पासओव्हर या ज्यूंच्या सणात आंबवलेलं धान्य वर्ज्य.

कोणी म्हणेल, ग्लिसरीन असतं केवढंसं! निषिद्ध वस्तू चुकून पडली आणि साठाव्या हिश्श्याहून कमी असली, तर ज्यू धर्मशास्त्र बहुधा तिच्याकडे काणाडोळा करतं. पण मेख त्या ‘चुकून’मध्ये आहे. इथे कारखान्यात ती मुद्दाम, मोजूनमापून घातली जात होती. गेफन अडून बसले. शेवटी कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी सरकी आणि नारळाच्या तेलापासूनचं ग्लिसरीन वापरलं, अल्कोहोल बीट आणि उसाच्या साखरेपासून काढलं. 1935 साली गेफन यांनी हिब्रूत निर्णय लिहिला आणि घटकांना सांकेतिक नावं दिली. पेय शुद्ध झालं, गुपितही शाबूत राहिलं.

दुसरा किस्सा 1980 च्या दशकातला. अमेरिकेत साखर महाग, मका स्वस्त. कंपनीने साखर काढून मक्याचा पाक आणला. एरवीच्या कोशरपणाला धक्का लागला नाही, पण पासओव्हरचा मान गेला. सणात वर्ज्य धान्यं पाचच, त्यांत मका नाही. पण युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंनी तेराव्या शतकाच्या सुमारास डाळी, तांदूळ असे दाणेही टाळायची प्रथा पाडली. तेव्हा युरोपने मक्याचं कणीसही पाहिलं नव्हतं! पुढे ते अमेरिकेतून आलं आणि आल्या आल्या त्याच रांगेत बसलं.

तोडगा निघाला तो असा: पासओव्हरच्या आधी काही आठवडे मोजक्या बाटल्या खऱ्या साखरेच्या भरायच्या. बाटली तीच, लेबल तेच. ओळख पटावी म्हणून लाल झाकणाऐवजी पिवळं, आणि त्यावर पासओव्हरची खूण.

आता गंमत अशी की, ही पिवळी झाकणं हेरून बाटल्यांचे खोकेच्या खोके उचलणाऱ्यांत कितीतरी जण ज्यू नसतात. त्यांना फक्त जुनी, साखरेची चव हवी असते. यात आपल्याला नवल वाटायला नको. एकादशीला घरात साबुदाण्याची खिचडी झाली की ताटली घेऊन सगळ्यांत आधी कोण येतं? ज्याला उपास नाही तो.