काली कंकाली आणि जंगो : कचारगडच्या कथेचा दीडशे वर्षांचा मागोवा

‘कंकाल’ म्हणजे हाडांचा सापळा, आणि म्हणून कंकाली हे नाव ऐकताच पुराणांशी परिचित असलेल्या वाचकासमोर खोल गेलेल्या पोटाची, मुंडमाला घातलेली चामुंडा उभी राहते. परंतु गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, दरेकसा आणि धनेगावजवळच्या डोंगरातील कचारगडच्या गुहेशी गोंड परंपरेने जिचे नाव जोडले आहे, ती काली कंकाली कोणाचाही संहार करीत नाही. ती गुहेत कोंडल्या गेलेल्या मुलांची आई आहे. संहारकर्तीचे नाव जननीला कसे मिळाले, या प्रश्नाला निर्विवाद उत्तर नसले, तरी या कथेतील स्त्रिया छापील पानांवर कशा बदलत गेल्या, हे मात्र पाहता येते.

गोंडांचा आद्य गुरू लिंगो याची कथा प्रथम विस्ताराने छापली गेली ती १८६६ मध्ये, नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेम्पल यांनी संपादित केलेल्या त्यांच्या टिपणांत. तेथे गोंडांच्या अंगाच्या दुर्गंधीने संतापलेला महादेव एक खार निर्माण करून सोडतो, तिचा पाठलाग करीत गोंड गुहेत शिरतात आणि तो गुहेच्या तोंडावर सोळा हात लांबीची शिळा लोटतो. बाहेर राहिलेले चौघे तेवढे निसटतात. या पाठात कोंडलेल्यांसाठी तळमळते ती पार्वती, आणि तिला ते नाहीसे झाल्याचे कळते तेही नेहमीचा वास येईनासा झाल्यामुळे. कथेतील हा तपशील विनोदी वाटला तरी मार्मिक आहे, कारण देवाला जे असह्य झाले तेच देवीला आपलेपणाची खूण वाटते, आणि गोंडांच्या परतीसाठी ती तपाला बसते. पुढच्या कथनात या मुलांना आश्रय देणाऱ्या जंगो रायताडचे नाव याच पाठात ‘जंगो रायेताल’ अशा रूपात येते, पण तिची स्वतंत्र कथा मात्र तेथे उभी राहत नाही.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात हीच कथा पुन्हा सांगितली. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर लिहिलेल्या १९४८ च्या ग्रंथात मात्र काली कंकाली गोंड देवांची जननी म्हणून ठळकपणे भेटते.

तिला कचारगडशी घट्ट बांधण्याचे श्रेय बव्हंशी नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांच्या हिंदी लेखनाकडे जाते. त्यांच्या मांडणीनुसार कालीची तेहतीस मुले जंगोच्या आश्रयाने वाढली, त्यांच्या उपद्रवाला कंटाळून शंभूने त्यांना गुहेत कोंडले, आणि हिरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीच्या सुरांनी (किंगरी म्हणजे गोंडांच्या परधान गायकांचे तंतुवाद्य) अंगात बळ संचारून मुलांनी आतून शिळा ढकलली, तेव्हा तिच्याखाली तो वादकच चिरडला गेला. पुढे लिंगोने त्या मुलांना शिष्य करून ‘कोया पुनेम’, म्हणजे गोंडी धर्ममार्ग, शिकवला. कंगाली यांनी या घटनांना जे अतिप्राचीन इतिहासाचे स्थान दिले, ते स्वीकारणे कठीण आहे. तथापि स्वतः परित्यक्ता असलेल्या जंगोला निराधारांची आश्रयदात्री म्हणून त्यांनी कथेच्या मध्यभागी आणले, हे त्यांचे खरे कर्तृत्व होय.

पुराणातील उग्र देवी शस्त्रामुळे भयंकर ठरते. येथे शस्त्र कोणत्याच स्त्रीच्या हाती नाही, आणि कोंडण्याचे काम करतो तो देव. जंगोची शक्ती आहे ती नवऱ्याच्या घराबाहेर पडूनही माणसे गोळा करण्यात, आणि नेमक्या अशाच स्त्रीची समाजाला धास्ती वाटत आली आहे. याच सीमाभागात एकट्या, विधवा बाईवर ‘टोनही’ म्हणजे चेटकीण असल्याचा आरोप होत आला आहे, आणि छत्तीसगडला २००५ मध्ये टोनही छळाविरुद्ध आणि महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोण्याविरुद्ध कायदा करावा लागला, हे लक्षात घेतले म्हणजे परित्यक्तेला देवत्व देणारी कथा किती प्रवाहाविरुद्ध जाते, हे दिसते.

विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात कंगाली आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांनी माघ पौर्णिमेला कचारगडला जाण्यास आरंभ केला, आणि त्यातून आजची मोठी यात्रा उभी राहिली, जिच्यात अनेक राज्यांतील गोंड पिवळे शेले आणि पागोटी घालून, ‘जय सेवा’ असा एकमेकांना जोहार करीत डोंगर चढतात. गुहा आशियातील सर्वांत मोठी असल्याचा दावाही पत्रकांतून आवर्जून केला जातो, जरी कथेला त्याची मुळीच गरज नाही. यात्रेकरू ज्या दरेकसा स्थानकावर उतरतात, त्याच लोहमार्गावर पुढे छत्तीसगडमधील डोंगरगड आहे. तेथे नवरात्रात गर्दी करणारे भाविक जिला बम्लेश्वरी म्हणतात, तिला कंगाली यांनी बमलाई दाई म्हणून गोंडांच्या देवतांत परत मोजले आहे, आणि दोन्ही नावांनी नवस बोलणारे लोक एकाच गाडीने प्रवास करतात.