दुर्बिणीआधी ओटा

जानेवारी २०२४मध्ये भंडाऱ्याशेजारच्या नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. काळोखाची श्रीमंती भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातही आहे. दुर्बीणही हप्त्यांवर घेता येते. हौशी निरीक्षकाचे अडते ते जमिनीवर. इथली कन्हार माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वर ओतलेला काँक्रीटचा पातळ थर सोबत हलवते. हलला तर किती बिघडते? मीटरभर रुंद ओट्याची एक कड एक मिलिमीटर खचली, तर त्यावरची दुर्बीण सुमारे साडेतीन कलांनी कलते (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). गुरू अगदी जवळ आला तरी पन्नासेक विकलांचाच दिसतो. म्हणजे एका मिलिमीटरमागे चार गुरूंइतके अंतर हुकले. भंडाऱ्यातून ध्रुव साधारण २१ अंशांवर दिसतो. त्या बाजूला मोठ्या कष्टाने नेमका लावलेला दुर्बिणीचा अक्ष हा एक मिलिमीटर बिघडवून टाकतो.

म्हणून या कामात सर्वांत मोलाचा माणूस गवंडी, असे माझे ठाम मत आहे. कन्हार उपसून तो मुरमाचा थर टाकतो, पाणी शिंपडतो, धुमसाने ठोकतो. ठोका 'बद्द' वाजतो तोवर थर पोकळ. आवाज टणक झाला की पुढचा थर. काँक्रीट, सळया, पाणी मारणे हे नेहमीचेच. खरे कसब त्या ठोक्यात आणि एका फटीत आहे. दुर्बिणीचा खांब आणि माणसाने उभे राहायचा ओटा यांचे पाये वेगळे हवेत, मधल्या फटीत थर्माकोल. दीडशेपट मोठे दाखवणारी दुर्बीण पावलाचा धक्काही दीडशेपट दाखवते.

ट्रायपॉड असताना एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. चंद्र-शनी पाहण्यापुरते ते बरोबरच आहे. पण तासभर एकाच तेजोमेघाचा फोटो घ्यायचा, किंवा रूपविकारी तारा महिनोन्महिने मोजायचा, तर रोज नव्याने अक्ष लावण्यातच रात्र सरते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: विदर्भाच्या उन्हात तापलेले काँक्रीट रात्री उष्णता सोडते आणि प्रतिमा थरथरते. त्यावर उपाय ओटा टाळणे नव्हे, तो लहान ठेवणे. भोवती गवत राहू द्यावे, अंगणभर काँक्रीट ओतू नये. आणि घाई नको. काम दिवाळीनंतर करावे, एक पावसाळा जाऊ द्यावा, पातळी पुन्हा तपासावी आणि मगच बैठकीचे बोल्ट कायमचे आवळावेत.