ज्वाळेतलं पाणी

२२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता. उपनगरांच्या थंडीची ही हद्द! तेवढ्यासाठी बोरिवली-मुलुंडमध्ये खोली तापवायला गॅस हीटर कोण घेणार? पण थंड देशांतले असे हीटर गॅस कसा वाचवतात, ते आपल्या बाथरूममधल्या गॅस गिझरवरूनही कळतं.

नळ सोडला की पाण्याच्या दाबाने गिझरमधला पडदा सरकतो, गॅसची वाट उघडते, सेलवर ठिणगी पडते आणि तांब्याच्या नळीतलं पाणी तापतं. उरलेली उष्णता धुराबरोबर जाते. खरी गंमत या धुरात आहे.

घराघरांत पाइपाने येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी तयार होतं. एक किलो मिथेनमधून तब्बल सव्वादोन किलो पाणी! मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर दहा मिनिटं चालला, तर पाव लिटरहून जास्त पाणी ज्वाळेतच जन्मतं आणि वाफ होऊन निघून जातं. गॅसमधली सुमारे १० टक्के उष्णता या वाफेत दडलेली असते.

ती परत मिळवायची तर धूर साधारण ५५ अंशांच्या खाली आणायचा. मग वाफेचं पाणी होतं आणि दडलेली उष्णता मोकळी होते. जपानमध्ये असे गिझर सर्रास वापरतात. त्यांतली दुसरी नळी स्टेनलेस स्टीलची किंवा टायटेनियमची असते, कारण ठिबकणारं पाणी किंचित आम्लधर्मी असतं. थंड देशांतल्या हीटरमध्ये खोल्या तापवून परतणारं पाणी पुष्कळदा गरमच असतं, त्यामुळे धूर पुरेसा निवत नाही. आपल्या नळाचं पाणी मात्र पंचविशीच्या आसपास. म्हणजे ही युक्ती मुंबईत जास्तच साधावी!

अडचण एकच. गरम धूर आपणहून वर चढतो, निवलेल्याला पंख्याने ढकलावं लागतं. माझ्या मते ही अडचण फायद्याचीच आहे. साधा गिझर बाथरूममधलीच हवा घेतो आणि तिथेच धूर सोडतो. खिडकी बंद असली की ऑक्सिजन कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. पंखा असलेला बंदिस्त गिझर हवा बाहेरून घेतो, धूरही बाहेरच टाकतो. फक्त त्याला दोन सेल पुरत नाहीत, विजेचं बटण लागतं.