अकरावी-बारावीत नाटक शिकायचंय? गावाकडच्या पोरांनी काय करायचं, कुठं जायचं

जालना : गॅदरिंगमध्ये पोरानं काम केलं की सगळं गाव टाळ्या वाजवतं. तेच पोरगं दहावीच्या निकालानंतर 'मला नाटक शिकायचंय' म्हणालं की घरात एकदम शांतता पसरते. 'त्यानं पोट भरतंय का?' हा पहिला प्रश्न. 'हे कुठं शिकवतात तरी?' हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोन्हींची उत्तरं आहेत.

जांबसमर्थचं उदाहरण

घनसावंगी तालुक्यातलं जांबसमर्थ हे समर्थ रामदासांचं जन्मगाव म्हणून सगळ्यांना माहीत आहे. नाटकवाल्या मंडळींत हे गाव आणखी एका नावानं ओळखलं जातं : राजकुमार तांगडे. शेती करता करता त्यांनी गावातच नाटकं लिहिली, बसवली. गावाकडच्या विजेच्या प्रश्नावर 'आकडा' लिहिलं. आकडा म्हणजे काय, हे इथल्या कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पुढे २०१२ मध्ये त्यांनी लिहिलेलं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे नाटक रंगभूमीवर आलं. संकल्पना आणि गाणी संभाजी भगत यांची, दिग्दर्शन नंदू माधव यांचं. त्यात काम करणारे बरेच कलाकार जालना जिल्ह्यातल्या खेड्यांतले होते. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांनी ते आपल्याकडच्या बोलीसकट डोक्यावर घेतलं. याच नाटकातून नाव झालेले, जालना जिल्ह्यातलेच कैलास वाघमारे पुढे 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटातही दिसले.

म्हणजे गाव खेडं आहे, भाषा गावरान आहे, म्हणून नाटक जमत नाही, हे खरं नाही. पण प्रत्येकालाच असा रस्ता सापडत नाही. म्हणून शिक्षणाची वाट आधी माहीत असलेली बरी.

अकरावी-बारावीत नाटक हा विषय असतो का?

तालुक्याच्या बहुतेक ज्युनिअर कॉलेजांत 'नाटक' असा वेगळा विषय घेता येत नाही. कला शाखेत मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र असेच विषय असतात. पण नाटक अभ्यासक्रमात अजिबातच नाही, असंही नाही.

२०१९ साली आलेल्या अकरावीच्या मराठी 'युवकभारती' पुस्तकात साहित्यप्रकार म्हणून नाटकच अभ्यासाला आहे. नाटक म्हणजे काय, त्याची रचना कशी असते, याची ओळख त्यात आहे. सोबत तीन नाटकांतले उतारे आहेत : दिलीप प्रभावळकरांचं 'हसवाफसवी', प्रशांत दळवींचं 'ध्यानीमनी' आणि पु. ल. देशपांडेंचं 'सुंदर मी होणार'. यातले दळवी हे औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून पुढे आलेले लेखक. मराठवाड्याचा माणूस पुस्तकात आहे, हे पोरांना वर्गात आवर्जून सांगायला हवं.

याच पुस्तकाच्या उपयोजित मराठी भागात सूत्रसंचालन आणि रेडिओजॉकी हे घटक आहेत. आवाज, उच्चार, लोकांसमोर उभं राहणं, हे सगळं त्यात येतं. मराठीला ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण तोंडी परीक्षेचे असतात. म्हणजे बोलण्याच्या सरावाचा फायदा थेट मार्कांतही दिसतो.

घोळ होतो तो शिकवताना. उतारा वाचला, प्रश्नोत्तरं लिहून घेतली, धडा संपला. तोच उतारा चार पोरांना उभं करून पात्रांप्रमाणे वाचायला लावला, तर एका तासात नाटक कळतं. त्याला स्टेज लागत नाही, पैसे लागत नाहीत. पुस्तक बालभारतीच्या वेबसाइटवर मोबाईलवर फुकट उतरवून घेता येतं. आपल्या वर्गाला कोणतं पुस्तक लागू आहे, तेवढं मात्र मराठीच्या सरांकडून किंवा मॅडमकडून पक्कं करून घ्यावं.

शाखा कोणती घ्यायची?

नाट्यशास्त्राच्या पदवीसाठी बारावी पास असावं लागतं. त्यासाठी कलाच शाखा हवी असं नाही. सायन्स किंवा कॉमर्स केलेलं पोरगंही पुढे नाटकाकडे वळू शकतं. त्यामुळे घरात भांडण करून शाखा बदलायची गरज नाही. मात्र कला शाखेत वाचायला आणि तालमीला वेळ जास्त मिळतो, हेही खरं. अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झालेत. पसंतीक्रम भरण्याआधी एक चौकशी जरूर करावी : त्या कॉलेजात स्नेहसंमेलन दरवर्षी होतं का, आणि नाटक बसवणारं कुणी आहे का?

शाळेत असतानाच मिळणारी संधी

कला उत्सव : केंद्र सरकारची ही स्पर्धा २०१५ मध्ये सुरू झाली. नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या या स्पर्धेत गायन, वादन, नृत्य यांच्याबरोबर नाट्य हाही प्रकार आहे. जिल्हा, मग राज्य, मग देश अशा फेऱ्या होतात. प्रवेश शाळेमार्फत होतो. त्यामुळे पोरांनी आणि पालकांनी मुख्याध्यापकांकडे स्वतःहून विचारणा करावी. पत्र शाळेत येतं आणि फायलीतच राहतं, असं व्हायला नको.

राज्य नाट्य स्पर्धा : सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. हौशी संघांसाठी वेगळी आणि बालनाट्यांसाठी वेगळी स्पर्धा असते. भाग घेता आला नाही तरी जवळच्या केंद्रावर जाऊन प्रयोग बघावेत. नाटक बघितल्याशिवाय नाटक येत नाही.

गावातलं नाटक : भारूड, गोंधळ, वग, पोवाडा ही आपल्याकडची जुनी शाळाच आहे. माईक नसताना शेवटच्या माणसापर्यंत आवाज कसा पोचवायचा, लोक उठून चालले तर त्यांना कसं धरून ठेवायचं, हे तिथल्या कलावंतांइतकं कुणी शिकवत नाही.

बारावीनंतर कुठं?

जवळचं ठिकाण म्हणजे छत्रपती संभाजीनगर. जालन्याहून साधारण ६० किलोमीटर, एसटी आणि रेल्वे दोन्ही आहेत. तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. शहरातल्या सरस्वती भुवन आणि देवगिरी या महाविद्यालयांतही नाट्यशास्त्र शिकवलं जातं.

पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात बारावीनंतर नाटकाची पदवी करता येते.

मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय यांच्यासाठी मात्र आधी पदवी लागते. १९५९ साली स्थापन झालेल्या दिल्लीच्या विद्यालयात प्रवेशासाठी किमान ६ नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतात. म्हणून आतापासून केलेल्या प्रत्येक प्रयोगाचं प्रमाणपत्र, फोटो, पत्रिका जपून ठेवावी. याच विद्यालयाचे २०१३ ते २०१८ या काळात संचालक राहिलेले वामन केंद्रे हे शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे.

अशा ठिकाणी प्रवेशाच्या वेळी सहसा पाठ केलेला एखादा प्रवेश करून दाखवायला सांगतात, आयत्या वेळी प्रसंग देतात आणि काय वाचलंय, काय बघितलंय ते विचारतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी पोर्टलवर मुदतीत अर्ज करावा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

पोट भरतं का?

खरं सांगायचं तर नुसत्या अभिनयावर दर महिन्याला ठरलेला पगार मिळेल, याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मोठी नावं झालेले थोडे, धडपडणारे जास्त. पण नाटक म्हणजे फक्त अभिनय नाही. प्रकाशयोजना, ध्वनी, नेपथ्य, रंगभूषा, वेशभूषा, लेखन ही सगळी हाताला काम देणारी कौशल्यं आहेत. सूत्रसंचालन, रेडिओ, डबिंग, मालिकांचं लेखन इथंही हेच शिक्षण कामाला येतं. सरकारी योजनांच्या प्रचारासाठी कलापथकांना काम मिळतं. म्हणून नाटकाबरोबर पदवी पूर्ण करणं, हा शहाणपणाचा मार्ग.

फसवणूक ओळखा

मोबाईलवर 'सिनेमात काम, लगेच ऑडिशन, नोंदणी फी भरा' असे मेसेज फिरतात. निवड करण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर तिथंच थांबावं. विद्यापीठाची प्रवेश फी विद्यापीठाच्या अधिकृत वेबसाइटवर किंवा कार्यालयातच भरायची असते, कुणाच्या खासगी नंबरवर नाही. मुलींना एकटीला कुठल्या लॉजवर किंवा फ्लॅटवर 'ऑडिशन'ला बोलावलं तर जाऊ नये. काम खरं असेल तर आई-वडिलांना सोबत आणलं म्हणून कुणी नाही म्हणत नाही.

आजपासून काय करता येईल?

• युवकभारतीतला एक नाट्यउतारा मोठ्यानं वाचायचा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकायचा.
• चार-पाच जण मिळून गावातल्या एखाद्या प्रश्नावर दहा मिनिटांचं नाटुकलं लिहायचं. टँकर, रस्ता, शाळेची बस, विषयांना तोटा नाही.
• ते पारावर किंवा शाळेच्या पटांगणात करून दाखवायचं.
• महिन्यातून एक नाटक तरी वाचायचं. शाळेच्या ग्रंथालयात नसेल तर तालुक्याच्या वाचनालयात विचारायचं.

आणि पालकांनी एवढंच करावं. पोरानं 'नाटक' म्हटलं की लगेच हो म्हणू नये आणि लगेच नाहीही म्हणू नये. आधी त्याचं एक काम समोर बसून, शेवटपर्यंत बघावं. मग ठरवावं.