मैलापाण्याचे कर्ज आणि मित्रांची दलाली

अमेरिकेतील काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपली जिल्हा परिषदच. कर्जरोखे विकण्याचा अधिकार मात्र तिच्या हाती असतो. रोखे विकून देणाऱ्या पेढ्या लोकप्रतिनिधींना निवडणूक-देणग्या देत, म्हणून १९९४ साली नियम झाला: ज्याला देणगी दिली, त्याच्या संस्थेचे काम त्या पेढीला दोन वर्षे बंद. पैशाने मग दुसरी वाट शोधली.

अलाबामातील जेफर्सन काउंटीला १९९६ मधील न्यायालयीन तडजोडीमुळे मैलापाण्याची व्यवस्था सुधारणे भाग पडले. कर्ज तीन अब्ज डॉलरांच्या घरात गेले. रोखे आयोगाच्या आरोपानुसार, २००२-०३ मध्ये हे काम मिळावे म्हणून जे. पी. मॉर्गनने काउंटी-सदस्यांच्या मित्रांच्या स्थानिक पेढ्यांना ८० लाखांहून अधिक डॉलर दिले. या पेढ्यांना त्या व्यवहारात अधिकृत कामच नव्हते! शिवाय या खर्चाचा काही भाग व्याजदरात मिसळून काउंटीकडूनच वसूल झाला. लाच देणारा स्वतःच्या खिशातून देतो, ही समजूत किती भाबडी असते!

२००९ मध्ये आरोप मान्य वा अमान्य न करता बँकेने ७.५ कोटी डॉलर भरले व ६४.७ कोटींच्या शुल्कावर पाणी सोडले. काउंटीचे माजी अध्यक्ष लॅरी लँगफर्ड यांना रोखेदलालाकडून लाच घेतल्याबद्दल २०१० मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली. तथापि २०११ मध्ये काउंटी दिवाळखोरीत गेलीच. २०१३ च्या तोडग्यात मैलापाण्याची पट्टी पहिली चार वर्षे दरसाल ७.४१ टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले. आयुष्यात कुणा उमेदवाराला एक डॉलरही न दिलेल्या कुटुंबांच्या बिलांतही ती वाढ आली.